वेश राहिला, नाव गेले

अंगात खड्यांनी मढवलेली आखूड चोळी, पोट उघडे, कमरेखाली झिरझिरीत घेरदार घागरा, डोक्यावर मुकुट, दंडात, मनगटात आणि पायात दागिने. रूथ सेंट डेनिस या अमेरिकन नर्तकीची अशी कितीतरी छायाचित्रे न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या नृत्यविभागात जपून ठेवलेली आहेत. छायाचित्राखाली तिचे नाव असते, नृत्याचे नाव असते आणि पुष्कळदा छायाचित्रकाराचेही असते. या नृत्याचे नाव आहे ‘राधा’. त्याचा पहिला प्रयोग १९०६ च्या सुरुवातीला न्यूयॉर्कमध्ये झाला.

ही राधा पाहून मराठी माणूस क्षणभर गोंधळतो. आपल्या ओळखीची राधा गवळणीतली. डोक्यावर माठ घेऊन मथुरेच्या बाजाराला निघालेली, वाटेत अडवली गेली की लटका राग दाखवणारी. सेंट डेनिसची राधा मात्र देवळात मूर्ती होऊन बसते आणि ते देऊळ जैनांचे असते. मूर्ती जिवंत होते, पंचेंद्रियांचे पाच मोह नाचून दाखवते आणि त्यांचा त्याग करून पुन्हा आसनावर जाऊन बसते. संगीत दलीब या फ्रेंच संगीतकाराच्या ‘लाक्मे’ या ऑपेरातले. हिंदू नाव, जैन देऊळ, बराचसा बौद्ध म्हणावा असा विचार आणि फ्रेंच सूर. हे सगळे जमवणाऱ्या बाईने तोवर हिंदुस्थान पाहिलेला नव्हता.

तिला हे सुचले कसे, याची हकीकत प्रसिद्ध आहे. १९०४ मध्ये एका नाटक कंपनीबरोबर दौऱ्यावर असताना बफेलो शहरातल्या एका दुकानात तिला सिगारेटची जाहिरात दिसली. भित्तिचित्रावर इजिप्तची देवी इसिस गंभीरपणे बसलेली होती. त्या चित्राने तिला झपाटले. त्याच सुमारास न्यूयॉर्कजवळच्या कोनी आयलंडच्या जत्रेत तिने हिंदुस्थानातून आणलेले गारुडी आणि नाचणाऱ्या बायका पाहिल्या. इजिप्तचा विचार मागे पडला आणि हिंदुस्थान पुढे आला. सिगारेटच्या जाहिरातीवरच्या देवीचे नाव आजही सांगता येते. पण कोनी आयलंडला पोटासाठी नाचणाऱ्या त्या बायकांची नावे सांगायला गेलो की शब्द अडतात. प्रिया श्रीनिवासन यांच्यासारख्या संशोधकांनी अलीकडच्या काळात जुनी कागदपत्रे उलथीपालथी करून त्या बायकांचा माग काढायला सुरुवात केली, ती जवळजवळ शंभर वर्षांनी.

या छायाचित्रांकडे मी पाहते ती एका विशिष्ट सवयीने. माझ्या वडिलांचा कपडेपटाचा धंदा होता. राज्य नाट्यस्पर्धेतल्या हौशी मंडळींना, शाळांच्या स्नेहसंमेलनांना, गावोगावच्या जत्रेतल्या नाटकांना कपडे भाड्याने देणे आणि लागतील तसे शिवून देणे, यात आमचे घर चालले. पुढे मीही तेच केले. एखादे जुने नाटक पुन्हा बसवायचे ठरले, की दिग्दर्शक जुन्या संचाचा फोटो आणून पुढ्यात टाकी आणि म्हणे, “अस्संच हवं.” मग भिंग घेऊन बसायचे. निऱ्या किती, काठ किती बोटांचा, चोळीला बंद आहेत की हूक, मुकुट पुठ्ठ्याचा आहे की पत्र्याचा. चेहऱ्याकडे लक्ष सगळ्यात शेवटी जाई. त्या सवयीमुळे छायाचित्र काय सांगते आणि काय सांगू शकत नाही, हे मला हळूहळू उमगत गेले. विसाव्या शतकाच्या पहिल्या वीस-पंचवीस वर्षांतल्या नर्तकांच्या छायाचित्रांना तीन गोष्टी सांगता येत नाहीत. गती, रंग आणि नाव.

आधी गतीचे पाहू. त्या काळचा छायाचित्रकार काचेच्या तावदानावर प्रतिमा घेई. बाहेर लख्ख उन्हात पळता घोडाही पकडता येऊ लागला होता, पण स्टुडिओतल्या मंद उजेडात माणसाला क्षणभर तरी निश्चल राहावेच लागे. त्यामुळे नाचाचा म्हणून जो फोटो आपण पाहतो, तो बहुधा नाच थांबवून काढलेला असतो. हात उंचावलेला असतो, पण तो उंचावत गेलेला नसतो. ज्यांना हे माहीत आहे ते अशा फोटोत पायाकडे नाही, कापडाकडे पाहतात. गिरकी खरी असेल तर घागऱ्याचा घेर सगळीकडून सारखा उचललेला दिसतो. मदतनिसाने कोपरा धरून पसरलेला असेल, किंवा दोऱ्याने ओढून बांधलेला असेल, तर एका बाजूच्या चुण्या मेलेल्या दिसतात. शिवणाऱ्या माणसाला हे सांगावे लागत नाही.

गतीचा हा प्रश्न एका नर्तकीने फार वेगळ्या रीतीने सोडवला. लोई फुलर ही अमेरिकन बाई १८९२ मध्ये पॅरिसला गेली आणि ‘फोली बर्जेर’च्या रंगमंचावर रातोरात प्रसिद्ध झाली. तिच्या अंगावर रेशमाचा अवाढव्य झगा असे. बाह्यांच्या आत लांब काठ्या लपवलेल्या असत. काठ्या फिरवल्या की ते रेशीम कधी फुलपाखरू होई, कधी कमळ, कधी ज्वाळा. त्यावर खालून आणि बाजूने रंगीत विजेचे झोत पडत. आपल्या आत्मचरित्रात तिने सांगितले आहे, की या सगळ्याची सुरुवात ज्या तलम रेशमी घागऱ्यापासून झाली तो तिला हिंदुस्थानातून भेट म्हणून आला होता.

तिची नक्कल करणाऱ्या लगेच निघाल्या. त्याच वर्षी फुलर न्यूयॉर्कच्या न्यायालयात गेली. न्यायालयाने सांगितले, की या नाचात कथा नाही, पात्र नाही, म्हणून ही नाट्यकृती नव्हे आणि तिच्यावर लेखनासारखा हक्क सांगता येणार नाही. नाच कुणाचाच नाही, असा त्याचा सरळ अर्थ होता. मग या हुशार बाईने १८९४ मध्ये झग्याचेच पेटंट घेतले. कापड कसे कापायचे, काठ्या कुठे बसवायच्या, याच्या आकृत्यांसकट. नाचावर मालकी नाही, पण नाचाच्या कपड्यावर आहे! वेशाची किंमत कायद्यानेच ठरवून दिली. आज फुलरचा खरा नाच पाहिलेला एकही माणूस हयात नाही. ज्या जुन्या हलत्या चित्रफिती तिच्या म्हणून दाखवल्या जातात, त्यांत पुष्कळदा नक्कल करणाऱ्या दुसऱ्याच बायका असतात. उरली आहेत ती १९०० च्या आसपास बेकेट नावाच्या छायाचित्रकाराने मोकळ्या हवेत काढलेली काही छायाचित्रे. त्यांत बाई जवळजवळ दिसतच नाही. दिसते ते कापड.

दुसरी गोष्ट रंगाची. १३ मे १९१२ रोजी पॅरिसमध्ये दियागिलेव्हच्या रशियन बॅले कंपनीने ‘ल द्यू ब्ल्यू’, म्हणजे ‘निळा देव’ हे नृत्यनाट्य सादर केले. कथेला आधार हिंदुस्थानच्या पुराणांचा, पण फार सैलपणे घेतलेला. पोशाख आणि नेपथ्य लिऑन बाक्स्टचे. निळा देव झाला होता निजिन्स्की, त्या काळचा जगातला सर्वांत गाजलेला पुरुष नर्तक. त्याचे अंग निळे रंगवलेले होते. बासरी, मुकुट, मोहक उभे राहणे, हे सारे पाहून आपल्याला कृष्ण आठवल्यावाचून राहत नाही. बाक्स्टने मात्र कृष्णाबरोबर सयाम आणि कंबोडियाही त्या पोशाखात शिवून टाकले होते.

आता गंमत अशी, की त्या वेळच्या साध्या काचेला निळा रंग फार लवकर दिसे आणि तांबडा जवळजवळ दिसतच नसे. म्हणजे छायाचित्रात निळे ते फिकट, पांढुरके येई आणि कुंकवासारखे लाल ते काळेकुट्ट. तांबड्या शालूतली नवरी काळ्या लुगड्यात उभी असल्यासारखी दिसावी, असे आपल्याकडच्या कितीतरी जुन्या लग्नांच्या फोटोंतही झालेले आहे. निळा देव ज्याच्यामुळे निळा, नेमके तेच छायाचित्राने पुसले. सुदैवाने त्या निळ्या देवाचा अंगरखा टिकला. तो ऑस्ट्रेलियात कॅनबेराच्या राष्ट्रीय कलासंग्रहालयात आहे. त्यावरचे रंग आजही पाहता येतात. छायाचित्र आणि कापड शेजारी ठेवले, की त्या रात्री प्रेक्षकांनी काय पाहिले असेल याचा थोडा अंदाज बांधता येतो.

निजिन्स्कीने त्याच महिन्याच्या २९ तारखेला ‘फॉन’चे नृत्य केले. फॉन म्हणजे रोमन पुराणातला अर्धा माणूस, अर्धा बोकड. अंगाला घट्ट बसणारा, तपकिरी ठिपक्यांचा कपडा आणि डोक्यावर शिंगांची टोपी. हे नृत्य बॅरन द मेयर याने छायाचित्रांत घेतले आणि त्यांतली तीस चित्रे १९१४ मध्ये मोठ्या देखण्या ग्रंथातून निघाली. त्या चित्रांत निजिन्स्की जसा हात मोडून, अंग एका बाजूला चपटे करून उभा आहे, ते पाहून मातीच्या भांड्यावरची ग्रीक आकृती आठवते. हे एक नृत्य असे भाग्यवान, की त्याची छायाचित्रेही आहेत आणि निजिन्स्कीने स्वतः चिन्हांत लिहून ठेवलेली संहिताही आहे. १९८० च्या दशकात ॲन हचिन्सन गेस्ट आणि क्लाउडिया येश्के यांनी ती संहिता उलगडली, तेव्हा एक गोष्ट लख्ख झाली. छायाचित्रे नाचाची खूण देतात, पण नाच लिहूनच ठेवावा लागतो.

आता तिसरी गोष्ट, नाव. आणि इथे मला जरा थांबून बोलावेसे वाटते.

१३ मार्च १९०५ रोजी पॅरिसच्या गिमे संग्रहालयात, पूर्वेकडच्या देवमूर्तींच्या सान्निध्यात, एक नर्तकी नाचली. जडावाची वक्षकवचे, कमरेला खड्यांचा पट्टा, डोक्यावर शिरोभूषण, अंगावरून एकेक गळत जाणारी तलम वस्त्रे. आपण दक्षिण हिंदुस्थानातल्या देवळातल्या नर्तकीची मुलगी आहोत, असे ती लोकांना सांगे. ती होती हॉलंडमधल्या लेवार्डन गावची मार्गारेटा झेला. नवऱ्याबरोबर काही वर्षे जावा-सुमात्रा बेटांवर राहून आलेली. तिने घेतलेले नाव माताहारी. मलय भाषेत त्याचा अर्थ सूर्य, दिवसाचा डोळा. पुढे १५ ऑक्टोबर १९१७ रोजी हेरगिरीच्या आरोपावरून फ्रेंचांनी तिला गोळ्या घातल्या, ती हकीकत सर्वांना ठाऊक आहे. वालेरीसारख्या नामांकित छायाचित्रकारांनी काढलेली तिची चित्रे पोस्टकार्डांवर छापून जगभर गेली.

त्या काळच्या अशा फोटोंत जे अंग उघडे दिसते ते पुष्कळदा उघडे नसतेच. अंगाच्या रंगाचा तलम विणलेला घट्ट कपडा आत असतो. कोपराशी आणि गुडघ्याशी बारीक सुरकुती दिसली की तो ओळखू येतो. रंगभूमीचा हा धर्मच आहे. जे दिसते ते तसे नसते. पण मला नवल वाटते ते दुसऱ्याच गोष्टीचे. हिंदुस्थानी नर्तकी म्हणून या बायकांनी उघडे अंग दाखवले, तर त्याच काळातल्या खऱ्या हिंदुस्थानी नर्तकीचे फोटो काढून पाहा. उत्तरेकडची नाचणारी गळ्यापासून घोट्यापर्यंत झाकलेली असते. चुडीदार, त्यावर जड पेशवाज, वर ओढणी. दक्षिणेकडची चोळी आणि पायजमा घालून त्यावर साडी नेसते, कमरेला पट्टा बांधते. कापड आणि जरीचे वजन इतके, की मी शिवायला घेतले असते तर दोन माणसे लागली असती. नाच पाहायला आलेल्या साहेबांची, या बायका इतके कपडे घालून नाचतात म्हणून निराशा होई, असे त्यांच्याच लिखाणातून दिसते. ज्यांची नक्कल झाली त्या झाकलेल्या होत्या. नक्कल मात्र उघडी होती. सेंट डेनिसला श्रेय द्यायचे तर हे सांगायला हवे, की पुढे तिने ‘नाच’ या नावानेच जे नृत्य बसवले त्यातला घेरदार घागरा खऱ्याच्या पुष्कळ जवळ गेला होता.

या दोन्ही नर्तकींच्या मागे बसून साथ करणाऱ्यांकडे आता वळू. १९११ मध्ये सेंट डेनिसच्या अमेरिकेतल्या दौऱ्यात हिंदुस्थानी गवयांचा एक ताफा होता. १९१२ मध्ये पॅरिसजवळ नॉयी येथे माताहारी आपल्या बंगल्याच्या बागेत नाचली, तेव्हाही साथीला तोच ताफा होता. त्याचे प्रमुख इनायत खाँ, आणि बरोबर त्यांचे भाऊबंद. हे सारे आपल्या बडोद्याचे. सयाजीराव गायकवाडांच्या आश्रयाने १८८६ मध्ये बडोद्यात गायनशाळा काढणाऱ्या मौलाबक्षांचे हे नातू. पुढे सूफी संत म्हणून इनायत खाँ जगप्रसिद्ध झाले. पण त्या दोन वर्षांत परदेशात पोट भरण्यासाठी त्यांना या नाचांना सूर द्यावे लागले. तो मार्ग त्यांना फारसा रुचला नव्हता, हे त्यांच्या आत्मकथनातून कळते.

त्यांना ते का रुचावे? त्यांच्या गावात खरी गोष्ट होती. १८८० मध्ये सयाजीरावांचा विवाह तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी, म्हणजे पहिल्या चिमणाबाईंशी झाला. त्यांच्याबरोबर तंजावरहून नर्तकी, नट्टुवनार आणि वादक यांचा संच बडोद्याला आला. त्यातल्या गौरा आणि कांती या नर्तकींची नावे आजही घेतली जातात. तंजावर म्हणजे भोसल्यांचे राज्य. तिथल्या दुसऱ्या सरफोजीराजांनी नृत्यासाठी मराठीत निरूपणे रचली. म्हणजे ज्या नाचाला जग पुढे भरतनाट्यम म्हणून ओळखू लागले, त्याच्या पूर्वरूपाला मराठी शब्दांवर पाय टाकण्याची सवय होती. या नाचाची पुरती ओळख असलेल्या गावचे कलावंत पॅरिसच्या बागेत डच बाईच्या मागे बसून साथ करत होते. फोटो कुणाचा निघाला, ते सांगायला नको.

गौरा आणि कांती यांची नावे दरबारी नोंदींमुळे राहिली. बाकीच्यांचे काय झाले? इंग्रजांनी १८६८ ते १८७५ या काळात ‘द पीपल ऑफ इंडिया’ नावाचे आठ खंड प्रसिद्ध केले. माणसांचे फोटो, पण माणसे म्हणून नव्हे तर जातींचे आणि जमातींचे नमुने म्हणून. तीच नजर पुढे पोस्टकार्डांत उतरली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशा कार्डांचा मोठा व्यापार होता आणि मुंबई त्याचे एक केंद्र होते. त्या कार्डांवर ‘नाच गर्ल’ एवढेच छापलेले असे.

असे एक कार्ड माझ्याकडे आहे, जुन्या बाजारात घेतलेले. बाई विशी-बाविशीची, एक हात कमरेवर, दुसरा ओढणीला. मागे रंगवलेला पडदा. भिंगाखाली धरले की पेशवाजाच्या खालच्या बाजूला एक पट्टी दिसते. मूळ कापडाची जर वेगळी, पट्टीची वेगळी. उंच मुलीसाठी पेशवाज खाली उतरवलेला आहे. म्हणजे तो आधी कुणा दुसरीचा होता, आईचा, मावशीचा किंवा उस्तादांच्या घरातला. कपडेपटात असे कपडे आम्ही रोज केलेले आहेत. त्या पट्टीने मला त्या बाईचे घर सांगितले, परिस्थिती सांगितली, ती कुणाच्या तरी मागून आली हेही सांगितले. नाव तेवढे सांगितले नाही. ते छापणाऱ्याने विचारलेच नव्हते.

सगळ्याच जणी अशा मूक राहिल्या नाहीत. नोव्हेंबर १९०२ मध्ये कलकत्त्याला ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गाइसबर्गने गौहरजानची गाणी ध्वनिमुद्रित केली. गाणे संपता संपता ती इंग्रजीत ठणकावून आपले नाव सांगते. व्यवहारातले कारण साधे होते. तबकडी जर्मनीतल्या हानोव्हरला तयार व्हायची, तिथल्या कारागिराला कुठली तबकडी कुणाची ते कळावे. पण आज ते ऐकताना अंगावर काटा येतो. नाचगाण्यावर जगणारी एक हिंदुस्थानी बाई भोंग्यात तोंड घालून जगाला आपले नाव सांगते आहे. तिचे फोटोही पाहावेत. उंची साडी, खांद्यावर पिन, भरपूर दागिने आणि नजर सरळ कॅमेऱ्यात. आगपेटीवरसुद्धा तिचे चित्र आले. ती कुणाचा नमुना नव्हती.

इथे कुणी म्हणेल, सगळा रंगभूमीचा वेश खोटाच, मग परक्या बाईने राधेचा वेश घेतला तर बिघडले कुठे? हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर आपल्याच रंगभूमीवर आहे. बालगंधर्वांचे भामिनीच्या, रुक्मिणीच्या, सिंधूच्या वेशातले फोटो आपण पाहत आलो. पुरुषाने स्त्रीचा वेश घेतला आणि महाराष्ट्रातल्या बायकांनी त्यांच्याकडे पाहून नेसण्याची आणि अंबाड्याची तऱ्हा उचलली. त्या वेशात खोटेपणा नव्हता का? पुरेपूर होता. पण तो वेश ज्यांच्याकडून घेतला त्या बायका समोर प्रेक्षागृहात बसलेल्या होत्या, पसंती-नापसंती सांगू शकत होत्या. परका वेश घेणे हा गुन्हा नव्हे. ज्यांचा वेश घेतला त्या शेजारी उभ्या असूनही त्यांचे नाव न विचारणे, यात अन्याय आहे.

नंतर चित्र थोडे बदलले. रशियन नर्तकी ॲना पावलोव्हा १९२२-२३ च्या दौऱ्यात हिंदुस्थानात आली आणि तिने अजिंठ्याची लेणी पाहिली. १९२३ मध्ये तिच्या कंपनीने अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवर एक नृत्यनाट्य केले. त्याच वर्षी लंडनच्या कॉव्हेंट गार्डनमध्ये ‘राधा-कृष्ण’ झाले. पावलोव्हा राधा आणि कृष्ण उदय शंकर. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकून लंडनला गेलेला हा तरुण. त्या जोडीच्या छायाचित्रांत पावलोव्हा घागरा-ओढणीत आहे आणि शेजारी कृष्णाच्या वेशातल्या तरुणाचे नाव तिच्या नावाबरोबर घेतले जाते. राधेच्या पहिल्या फोटोपासून इथवर यायला सतरा वर्षे लागली. पावलोव्हाच्याच प्रोत्साहनाने मुंबईत राहणाऱ्या लीला सोखी नृत्याकडे वळल्या. ‘मेनका’ या नावाने त्या युरोपभर नाचल्या आणि १९३८ मध्ये त्यांनी खंडाळ्याला नृत्यशाळा काढली. सेंट डेनिसही १९२५-२६ च्या आशियाच्या दौऱ्यात हिंदुस्थानात येऊन गेली. तिचा ‘नाच’ इथल्या प्रेक्षकांनी उचलून धरला.

पण ज्यांचा नाच होता त्यांच्या घरांत याच काळात अंधार पडत होता. १८९२ पासून मद्रासकडे नाचविरोधी चळवळ सुरू झाली. मुंबई इलाख्यात १९३४ मध्ये देवदासी संरक्षण कायदा आला, मद्रासमध्ये १९४७ मध्ये. कोवळ्या मुलींना देवाला सोडून त्यांच्या आयुष्याची माती करणारी चाल बंद व्हायलाच हवी होती. त्यासाठी झगडलेल्यांचे ऋण मोठे आहे. मात्र मुली सुटल्या तसा नाचही त्यांच्या हातून सुटला. १९३५ मध्ये अड्यारला रुक्मिणीदेवींनी तो नाच प्रतिष्ठितांच्या सभेत आणला. त्यांनी पोशाख नव्याने बेतला. साडीचे पदर आणि निऱ्या बेतून, शिवून तयार केलेला तो वेश आज आपल्या शाळांच्या स्नेहसंमेलनांतही दिसतो. मी स्वतः असे शेकडो शिवले. शिवताना मला नेहमी मैलापूरच्या गौरी अम्मांची आठवण येई. त्या कपालीश्वराच्या देवळातल्या नर्तकी होत्या आणि रुक्मिणीदेवींच्या पहिल्या गुरूंपैकी एक. वेश नव्या अंगावर गेला तरी तो कुठून आला, हे निदान शिवणाऱ्या हातांनी तरी विसरू नये.

महाराष्ट्रात आणि गोव्यात नाचगाण्यावर जगलेली घराणी थोडी नव्हेत. देवळांतले कलावंत, नायकिणी, संगीतबारीतल्या आणि फडावरच्या बायका. त्यांचे फोटो निघाले होते. त्यांतले कितीतरी पुढच्या पिढीने लाजेपोटी अल्बममधून काढून टाकले, काही कातरले, काहींच्या मागचे नाव खरवडून काढले. नात डॉक्टर झाली, शिक्षिका झाली. आजी कोण होती ते सांगायचे नाही, असे ठरले. ज्यांनी हे केले त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. समाजाने त्यांच्यापुढे दुसरा मार्ग ठेवला नव्हता. पण आता ती भीती पुष्कळशी ओसरली आहे आणि जे थोडे उरले आहे ते वाचवण्याची वेळ अजून गेलेली नाही.

म्हणून एक अगदी साधी विनंती. घरात असा एखादा फोटो असेल तर तो बाहेर काढा. प्लास्टिकमध्ये चिकटवून टाकू नका. पाठीमागे, कडेला, मऊ शिसपेन्सिलीने लिहा, शाईने नको, ती पुढे फुटते. आधी नाव लिहा, संपूर्ण, माहेरचे आणि सासरचे, असेल तर पडद्यावरचेही. मग गाव आणि अदमासे साल. कोणता नाच, कोणते गाणे, हे कुणाला आठवत असेल तर तेही. आणि घरात ऐंशी-नव्वदीचे माणूस असेल तर त्याला एक प्रश्न जरूर विचारा, तो शालू कोणत्या रंगाचा होता? फोटोत तो काळा दिसतो. म्हातारी माणसे नावे विसरतात, सनावळ्या विसरतात, पण रंग विसरत नाहीत. रंग आठवला की मागोमाग नाचही आठवतो आणि नाच आठवला की नाव ओठांवर येते.